बंद माईकचा उन्हाळा

एप्रिल लागला की परभणीत लोकांना उन्हाचा राग येतो. मला लोकांचा येतो. ऊन निदान सगळ्यांवर सारखं पडतं आणि माझ्या कानाशी तोंड आणून किंचाळत नाही.

यंदाही जयंतीचा महिना लागलाय. गल्लीच्या तोंडाशी निळ्या पताका लागल्या, विहाराला नवा रंग दिला, आणि काल दुपारी चौकात डीजेवाल्यांनी भिंतीएवढे स्पीकर उतरवून टेस्टिंग केलं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. कानात मशीन नव्हतं. तरी परातीतलं पीठ थरथरलं, ओट्यावरचा तांब्या सरकला, आणि माझ्या बरगड्यांत कुणीतरी मुसळ घालतंय असं वाटलं. शेजारीण दारात आली, दोन्ही कानांवर हात ठेवून काहीतरी बोलली. ओठांवरून कळलं ते असं, की तुमचं बरंय बाई, तुम्हाला ऐकू येत नाही. हे वाक्य मला दर उन्हाळ्यात कुणीतरी ऐकवतंच, आणि ते मला ऐकू येणार नाही अशा खात्रीनं ऐकवतं. मी भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्याकडे पाठ केली.

मला ऐकू येतं. हे एकदा नीट सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी कीव करायला नको. चाळिशी ओलांडली आणि कान वरच्या बाजूनं रिकामे व्हायला लागले. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी, मग दारावरची बेल, मग माझ्या चौथीच्या वर्गातल्या लेकरांच्या बोलण्यातले स आणि फ. खालचे आवाज राहिले. ट्रक राहिले, ढोल राहिले, पुरुषांचं खाकरणं राहिलं आणि पेटीचा खर्ज राहिला. लोकांना वाटतं, बहिऱ्या माणसाशी मोठ्यानं बोललं की काम भागलं. खरं तर मोठा आवाज आम्हाला टोचतो. सावकाश, तोंड दिसेल असं, शब्द सुटे करून बोलावं, एवढंच लागतं. पण ओरडणं सोपं, आणि ओरडल्यावर उपकार केल्याचं समाधानही मिळतं.

कानाचं मशीन घेतलं तेव्हा दुकानातल्या माणसानं टीव्ही लावून दाखवला. बातम्या ऐकू आल्या. तो खूश झाला. मी विचारलं, पेटी कशी ऐकू येईल? तो म्हणाला, मॅडम, या वयात पेटी कशाला, नातवंडांचं बोलणं ऐका. मला नातवंडं नाहीत, आणि माझं वय त्यानं विचारलं नव्हतं. घरी येऊन मी पेटी उघडली, भाता दाबला आणि सा धरला. सूर दोन क्षण सरळ उभा राहिला आणि मग पाण्यात पाहिल्यासारखा वाकडातिकडा व्हायला लागला. पुढे कळलं की मशीनला लांब धरलेला सूर म्हणजे स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो सूर दाबायला धावतं. म्हणजे बातम्या देणारा माणूस त्याला मंजूर, आणि सा नामंजूर. त्या दिवसापासून पेटीला बसताना मी मशीन काढते, डबीत घालते, आणि डबी पर्समध्ये ठेवते.

मशीनशिवाय कशी वाजवते, असं लोक विचारतात. विचारताना चेहऱ्यावर एक भाविक भाव आणतात, तो मला मुळीच सोसत नाही. पेटी मला बाबांनी शिकवली, नऊ वर्षांची असताना. बोटांना घर माहीत आहे. डावा तळवा भात्यावर असतो, त्यात खर्ज येतो, मुंग्या आल्यासारखा. मधल्या सप्तकाचं थोडं मांडीला लागलेल्या लाकडातून कळतं, थोडं कानानं. टिपेत काहीच येत नाही. तिथं मी नुसतं बोटांवर विश्वास ठेवून चालते. आणि मजा येते. हे लोकांना पटत नाही. त्यांना वाटतं मी काहीतरी सोसतेय. अहो, मला मजा येते. बाबांची चाल हाताखाली आली, भाता भरला आणि तळव्यात तो जडसा सूर आला की माझं अंग हलकं होतं. मग कानात काय शिल्लक आहे याच्याशी मला देणंघेणं नसतं.

बाबांनी गायन पार्टी उभी केली होती, ती आता माझा धाकटा भाऊ मिलिंद चालवतो. तो ढोलकीवर असतो, कांताबाई गातात, पेटी माझी. आमच्याकडे जयंती एका दिवशी होऊन संपत नाही. परभणीत एका तारखेला, बोरीत पुढच्या आठवड्यात, पाथरीकडच्या एखाद्या गावात त्याच्याही पुढे. गावोगाव आपापली तारीख धरतात, म्हणजे गाणाऱ्यांना सगळीकडे पोचता येतं. पार मे अर्धा होईपर्यंत हा महिना चालतो. शाळा सकाळची असते. मी पेपर तपासून घरी येते, पेटी सोलापुरी चादरीत गुंडाळते, कारण उन्हात भात्याचं चामडं ताठतं, आणि चार वाजता टेम्पो दारात येतो.

मला आठवतो तो तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. लिंबाला मोहोर आला होता आणि त्याचा कडवट गोड वास टेम्पोच्या तापलेल्या पत्र्यातही आत यायचा. रस्त्याकडेला टरबुजांचे ढीग. गावात शिरलं की आधी सरबत, मग विहारात वंदना, मग ऊन कललं की मंडपात कार्यक्रम. त्या साली मी जितकी आनंदात होते तितकी आधी कधी नव्हते, हे मला आज लाज वाटत असतानाही सांगावं लागेल. मिलिंदनं पेटीसमोर नवा माईक आणला होता. चकचकीत, काळा, त्याला स्वतःचा छोटा स्टँड. मला वाटलं, भावानं कदर केली. स्टेजच्या फळ्या थरथरायच्या, ती थरथर माझ्या मांडीतून वर चढायची, आणि मी समजायचे की ही माझी पेटी गावभर चाललीय. ठेका मी मिलिंदच्या हातांवरून धरते. त्या साली त्याचे हात मी इतक्या मायेनं पाहिले, की आता आठवलं तरी स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका गावातल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत माझ्यापर्यंत आला. फोनचा आवाज थेट मशीनमध्ये घेता येतो. मी खाटेवर बसले आणि लावला. कांताबाईंचा आवाज आला, ढोलकी आली, मिलिंदनं पाथरीहून आणलेला बँजोवाला आला. पेटी आली नाही. कडव्यांच्या मध्ये जिथं माझा तुकडा असतो तिथं मी डोळे मिटून, मान हलवून वाजवताना दिसत होते, आणि ऐकू येत होता बँजो.

आता यात एक गोम आहे, ती चांगल्या कानांच्या माणसाला कळायची नाही. एखादा आवाज आला नाही, तर तो जगातच नव्हता की माझ्यातच उरला नाही, हे मला ठरवता येत नाही. बेल वाजली नाही, की मला आली नाही? पोरगं गप्प आहे, की बोलतंय? दिवसातून पन्नास वेळा मी हा निवाडा करते आणि सवयीनं प्रत्येक वेळी स्वतःलाच दोषी ठरवते. तेव्हाही ठरवलं. वाटलं, मधलं सप्तकही गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू खाली सरकेल. सरकलं असेल. दोन दिवस मी पेटीची चादर सोडली नाही. जेवण गेलं नाही. शाळेत फळ्याकडे तोंड करून रडले, कारण फळ्याकडे तोंड केलं की कुणी काही विचारत नाही. माझ्याच कानांना मी मनात नको नको ते बोलले.

तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जोशी मॅडम पेपरांचा गठ्ठा बांधता बांधता म्हणाल्या, "तुमचा व्हिडिओ पाहिला हो. छानच झाला कार्यक्रम. पण तुमची पेटी काही ऐकू येत नाही बघा. माईक लांब होता का?"

त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, कारण मी खुर्चीतून उठून त्यांचे दोन्ही हात धरले. "तुम्हालाही ऐकू आली नाही? खरंच?" त्या घाबरून म्हणाल्या, "नाही हो." एक मिनिटभर मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते. कान शाबूत होते. जेवढे होते तेवढे होते.

मग मी तोच व्हिडिओ पुन्हा पाहिला, यावेळी आवाज बंद करून. डोळे माझे चांगले आहेत. पेटीसमोर तो चकचकीत माईक, त्याचा स्टँड, आणि स्टँडच्या पायाला व्यवस्थित गुंडाळून, गाठ मारून ठेवलेली माईकची वायर. ती कुठेही जात नव्हती. महिनाभर मी मिलिंदचे हात पाहिले, कांताबाईंचे ओठ पाहिले, लोकांचे चेहरे पाहिले. खाली पायाशी पाहिलं नाही.

मिलिंद दुपारी अंगणात ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला होता. कांताबाई ओसरीवर कैऱ्या चिरत होत्या. त्याच्या घरी मी मशीन घालूनच गेले होते.

"पेटीचा माईक कदीपासून बंद हाय?" मी विचारलं. रागात माझीही जीभ शाळेतली राहत नाही.

तो वळला. माझ्याकडे नीट तोंड करून, सावकाश, शब्द सुटे करून बोलला. बहिऱ्या माणसाशी कसं बोलावं हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

"आक्का, आदी पानी पी."

"कदीपासून?"

"पयल्या गावापासून."

मग तो घाईनं बोलायला लागला. "तुजी पट्टी चुकायलीती, आक्का. गेल्या साली बोरीत काय झालं, आठवतं का? कांताबाई काळी पाचात गेल्या आन् तू काळी चारातच वाजवायलीस. लोक हसायलेते. तुला कसं सांगू? तू पेटीच सोडली असतीस. मनून मनलं, बसू द्यावं, वाजवू द्यावं. तुजा जीव बी रमतो, कार्यक्रम बी खराब होत न्हाई. खामखा तकलीफ कशाला?"

जीव रमतो. रडणाऱ्या लेकराच्या हातात बिघडलेला मोबाईल देतात, ते बटणं दाबत बसतं आणि घरच्यांना कामं करता येतात. चाळीस वर्षं पेटी वाजवणाऱ्या बहिणीसाठी माझ्या भावानं हा उपाय काढला होता. आणि त्याला तो चांगुलपणा वाटत होता. तो खरोखर वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

पट्टीचं सांगते. गळा तापला की कांताबाई गाणं वर चढवतात, काळी चारची पट्टी सोडून काळी पाचला जातात. जाताना माईकपासून मान वळवून पेटीकडे हळूच म्हणतात, "पाच!" बाबांच्या काळापासूनची ही रीत. वाजवणारा ऐकतो आणि बोटं सरकवतो. मी ऐकत नाही. माझं मशीन डबीत असतं आणि त्यांनी मान वळवली की त्यांचे ओठही मला दिसत नाहीत.

"मी तर दरवेळी मनते, बाई," कांताबाई ओसरीवरून म्हणाल्या. "टाळ्या चालू असल्या तरी मनते."

"मला ऐकू येतं का, कांताबाई?"

"न्हाई."

"मंग हात दाखवा की वर. पाच बोटं हायत का न्हाईत तुमाला?"

त्यांनी चिरता हात थांबवला आणि खरोखर आपल्या हाताकडे पाहिलं. कैरीचा रस मनगटापर्यंत ओघळला होता. "हे कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई बगा," त्या म्हणाल्या.

या वाक्यावर मी आजही थुंकते. गाताना ती बाई हात सारखाच हलवत असते. लोकांकडे, आभाळाकडे, विहाराकडे. त्यातला एक हात एकदा माझ्याकडे करायचा होता. तो कुणाच्या ध्यानात आला नाही. नवा माईक आणणं ध्यानात आलं, स्टँड आणणं ध्यानात आलं, वायर गुंडाळून गाठ मारणं ध्यानात आलं, बँजोवाल्याला पाथरीहून बोलावणं आणि सगळ्यांनी महिनाभर माझ्यासमोर तोंड सरळ ठेवणं जमलं. पाच बोटं वर करणं जमलं नाही. माणसं त्रास वाचवायला कंटाळत नाहीत, पण तो नेहमी स्वतःचाच वाचवतात आणि नाव मात्र आमचं घालतात.

"वालूरचा कार्यक्रम शेवटचा हाय," मी मिलिंदला म्हणाले. "माईक चालू पायजे."

"आन् चुकलं तर?"

"चुकलं तर माजं चुकंल."

"पार्टीचं नाव जातंय, आक्का. बँजो हाय की सुराला."

तेव्हा मी त्याला सांगितलं की माईक चालू नसेल तर मी कांताबाईंचा माईक हातात घेईन आणि वालूरच्या लोकांना सांगीन, की ही पार्टी गावोगाव समतेची गाणी गाते आणि स्टेजवर बसलेल्या स्वतःच्या बहिणीची वायर काढून ठेवते. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी हे करीन, हे त्याला माहीत होतं. लहानपणापासून माझ्या या स्वभावाचा सगळ्यात जास्त मार त्यानंच खाल्लाय. "ठीक हाय," तो म्हणाला, आणि पुढं चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. टेम्पोत आम्ही दोन टोकांना बसलो आणि मधे पेटी होती.

वालूरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मंडपाच्या कापडातून पिवळा उजेड पडला होता, बायका सतरंज्यांवर पुढे बसल्या होत्या. मी आधी वाकून वायर पाहिली. हातानं चाचपत ती कुठं जाते ते पार शेवटपर्यंत पाहिलं, सगळ्यांच्या देखत, अजिबात न लाजता. मग मशीन काढून डबीत घातलं. माईकवर बोटानं दोनदा टकटक केली आणि लोकांकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं कपाळाला आठ्या घालून कानावर हात ठेवला. माईक चालू होता.

पहिली तीन गाणी चांगली गेली. चौथ्यात कांताबाईंनी हात वर केला, पाची बोटं फाकवून, एखाद्या नाठाळ पोराला पाढा शिकवावा तसा, आणि मी पाचात गेले. सुरळीत गेले. तळव्यात खर्ज भरला आणि मला इतका आनंद झाला की मिलिंदवरचा राग मी दोन कडव्यांपुरता विसरले.

मग शेवटच्या कडव्याला कांताबाई दमल्या आणि काळी चारला उतरल्या. चढताना हात दाखवायचं ठरलं होतं. उतरतानाचं कुणीच ठरवलं नव्हतं. मी पाचातच राहिले. मला काहीच कळलं नाही. कळलं ते आधी बँजोवाल्याच्या तोंडावरून, त्यानं दाताखाली खडा आल्यासारखं तोंड केलं. मग कांताबाई वळल्या. मग मिलिंदचा हात ठेक्यावर अडखळला, आणि गावातल्या सगळ्या कर्ण्यांतून माझी पेटी एका घरात आणि गाणं दुसऱ्या घरात चाललंय हे मला समजलं. मिक्सरवर बसलेला साउंडवाला मिलिंदकडे पाहत होता. त्याचा हात बटणावर गेला होता आणि तो फक्त मान हलायची वाट पाहत होता.

मी बोटं उचलली नाहीत. उचलणं शहाणपणाचं होतं, दोन मात्रा थांबून काळी चारला जाता आलं असतं. पण मी थांबले असते तर त्या थांबण्याचा अर्थ या लोकांनी काय लावला असता, हे मला चांगलं माहीत होतं. मी मिलिंदच्या डोळ्यांत पाहिलं आणि भाता आणखी जोरात दाबला. हलव मान, म्हटलं मनात. हलवून तर दाखव.

एक अख्खी ओळ गेली. फार मोठी ओळ होती ती. मग मिलिंदनं डावा हात ढोलकीवरून काढला, एक मात्रा सोडली, आणि पाच बोटं वर केली. माझ्याकडे नाही, कांताबाईंकडे. कांताबाईंनी दम घेतला, शिव्या दिल्यासारखे ओठ हलवले, आणि वर आल्या. माझ्या पट्टीत आल्या. साउंडवाल्यानं हात मागे घेतला. त्याबद्दल मी मिलिंदचे आभार मानलेले नाहीत आणि मानणारही नाही.

कार्यक्रम संपला. मी पेटी बंद करून चादर गुंडाळत होते. एक बाई सतरंजीवरून उठून थेट स्टेजपाशी आली, पन्नाशीची, कपाळाला पदर लावलेली, चेहऱ्यावर तक्रार. तिनं तोंड हलवलं. मी हातानं थांब म्हटलं, डबी काढली, दोन्ही कानांत मशीन घातलं आणि म्हटलं, बोला.

"पेटी तुमीच वाजवायल्ता ना, बाई? मधी एका जागी लय बेकार वाजली. समदं गानं खराब केलं तुमी."

"तुमाला ऐकू आलं?"

"आलं मंजे? पार गावाच्या येशीपतूर ऐकू आलं की!"

"परत सांगा," मी म्हणाले.

तिला वाटलं, बहिरी आहे. तिनं स्टेजच्या कडेला दोन्ही हात टेकले, तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि मिलिंदला, कांताबाईंना, बँजोवाल्याला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, की माझी पेटी चुकली. मी तिला तिसऱ्यांदाही सांगायला लावलं.